पेनड्राइव्ह लॅपटॉपला दिसत नाही? फॉरमॅट करण्याआधी हे सात रस्ते तपासा



एप्रिल महिना आला की शाळाशाळांत एकच धांदल असते. आकारिक नोंदी, संकलित गुण, वर्णनात्मक नोंदी, श्रेणी, निकालपत्रक. १ मेच्या आत सगळं तयार हवं. वर्षभराचं काम एका पेनड्राइव्हमध्ये असतं आणि नेमक्या त्याच वेळी स्टाफरूममधून आवाज येतो, "अहो सर, माझा पेनड्राइव्ह ओपनच होईना!" मग कुणी म्हणतं पोर्ट गेला, कुणी म्हणतं व्हायरस आला, कुणी म्हणतं फॉरमॅट मारा, होतंय नीट. हा शेवटचा सल्ला सगळ्यांत महागात पडतो.

सोलापुरात सात रस्ता चौकात नवखा माणूस गोंधळतो. सगळेच रस्ते सारखे वाटतात. माहीतगार माणूस मात्र आधी कुठे जायचंय ते ठरवतो आणि मगच गाडी वळवतो. पेनड्राइव्हच्या बिघाडाचंही तसंच आहे. बिघाड सात वाटांनी येऊ शकतो. एकेक वाट क्रमाने तपासली तर बहुतेक वेळा दुकानात न जाता उत्तर मिळतं. आजच्या पाठात आपण तेच पाहू.

पाठ वाचल्यावर काय जमायला हवं?

१) बिघाड पेनड्राइव्हचा, पोर्टचा की विंडोजचा, हे ओळखता येणे.
२) डेटा न गमावता तपासणी करता येणे.
३) कुठे थांबायचं आणि जाणकाराकडे कधी जायचं, हे समजणे.

आधी थोडी ओळख

पूर्वी संगणकाला माऊसची जागा वेगळी, प्रिंटरची वेगळी, कीबोर्डची आणखी वेगळी असायची. ही कटकट संपवणारी यूएसबी पद्धत १९९६ साली आली. ती घडवणाऱ्या इंटेल कंपनीच्या गटाचे प्रमुख होते अजय भट्ट. ते मूळचे वडोदऱ्याचे आणि तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. मुलांना हे जरूर सांगा. पेनड्राइव्ह त्यानंतर, २००० च्या सुमारास बाजारात आले. सुरुवातीचे पेनड्राइव्ह अवघे ८ एमबीचे होते. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटोही त्यात मावणार नाहीत.

आता पेनड्राइव्ह पोर्टमध्ये घातल्यावर काय घडतं ते पाहा. तीन पायऱ्या असतात.

पहिली पायरी, वीज: लॅपटॉप पेनड्राइव्हला ५ व्होल्टची वीज देतो. दिवा असेल तर तो लागतो.

दुसरी पायरी, ओळख: लॅपटॉप विचारतो, "तू कोण?" पेनड्राइव्ह आपलं नाव, कंपनी, प्रकार सांगतो. अगदी आपल्या हजेरीसारखं. नाव पुकारलं की "हजर सर!" यायला हवं.

तिसरी पायरी, वाचन: ओळख पटली की लॅपटॉप पेनड्राइव्हची अनुक्रमणिका वाचतो. कोणती फाइल कुठल्या जागी आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. ती वाचता आली की फोल्डर दिसतात.

दिवाच लागत नाही, तर गाडी पहिल्या पायरीवर अडली आहे. "यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड" असं येतं, तर दुसरीवर. पेनड्राइव्हचं नाव दिसतं पण "फॉरमॅट करा" असा संदेश येतो, तर तिसरीवर. एवढं ओळखलं तरी अर्धं काम झालं.

सर्वांत आधी स्वतःला एक प्रश्न विचारा

या पेनड्राइव्हमधला डेटा दुसरीकडे कुठे आहे का?

असेल, तर बिनधास्त प्रयोग करा. नसेल, तर पेनड्राइव्हवर नवीन काहीही लिहायचं नाही, फॉरमॅट करायचं नाही आणि "स्कॅन अँड फिक्स" सुद्धा दाबायचं नाही. पेनड्राइव्ह काही शे रुपयांत नवा मिळतो. स्नेहसंमेलनाचे फोटो आणि वर्षभराच्या नोंदी कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

दोन मिनिटांची अदलाबदल चाचणी

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. इथेही तेच करायचं.

तुमचा अडलेला पेनड्राइव्ह त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावा. मग एखादा चालू असलेला पेनड्राइव्ह पहिल्या पोर्टला लावा. शेवटी अडलेला पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला, किंवा ओटीजी जोडणी घेऊन मोबाइलला लावून बघा.

- दुसऱ्या पोर्टला चालला: पहिल्या पोर्टमध्ये दोष.
- या लॅपटॉपच्या कुठल्याच पोर्टला नाही, पण दुसऱ्या लॅपटॉपला चालला: या लॅपटॉपच्या विंडोजमध्ये किंवा सेटिंगमध्ये दोष.
- कुठेच चालत नाही, पण बाकीचे पेनड्राइव्ह सगळीकडे चालतात: पेनड्राइव्हमध्येच दोष.
- या लॅपटॉपला कुठलाच पेनड्राइव्ह चालत नाही: पेनड्राइव्हला दोष देऊ नका.

एक सूचना. पेनड्राइव्ह हाताला चटका बसेल इतका गरम होत असेल, किंवा त्याची लोखंडी टोपी वाकलेली असेल, तर तो चार लॅपटॉपना लावत फिरू नका. आतला शॉर्ट दुसऱ्याच्या पोर्टचंही नुकसान करू शकतो.

आता सात रस्ते.

रस्ता पहिला : धूळ आणि सैल संपर्क

आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ भरपूर. यंत्रमागाच्या वस्तीत तर सुताचा बारीक तंतूही हवेत असतो. तो पोर्टमध्ये जाऊन बसतो.

पेनड्राइव्हच्या टोकाकडे नीट पाहा. साध्या प्रकारात चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या पट्ट्या मुद्दाम थोड्या लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे वीज आधी जोडली जाते आणि माहिती नंतर. म्हणून पेनड्राइव्ह पूर्ण आत गेला नाही, किंवा मधे कचरा असला, तर दिवा लागतो पण पेनड्राइव्ह दिसत नाही. "दिवा लागतोय म्हणजे चांगलाच आहे" हा समज इथे फसवतो.

उपाय: लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा. कोरड्या मऊ ब्रशने किंवा हवेच्या छोट्या पंपाने धूळ काढा. टाचणी, सेफ्टी पिन, सुई अजिबात नको. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. पेनड्राइव्हच्या पट्ट्या मळल्या असतील तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा थेंब घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

रस्ता दुसरा : वीज पुरत नाही

जुन्या, म्हणजे यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. ३.० पोर्ट बऱ्याचदा आतून निळा असतो. पेनड्राइव्हला दोन्ही पुरतात. पण फिरणारी तबकडी असलेल्या एक्सटर्नल हार्ड डिस्कला सुरू होताना जास्त वीज लागते. ती मिळाली नाही तर डिस्क टक-टक करते, दिसते आणि गायब होते.

शाळेत एकाच हबला माऊस, कीबोर्ड, डोंगल आणि हार्ड डिस्क लटकलेली असते. एका पोर्टची वीज चौघांत वाटली जाते. अशा वेळी हब काढा, डिस्क थेट लॅपटॉपला लावा, केबल आखूड आणि चांगली वापरा. केबलही बदलून पाहा. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत माहितीच्या तारा नसतातच. मोबाइल लॅपटॉपला लावल्यावर नुसताच चार्ज होतो, फोटो दिसत नाहीत, त्याचं हे एक नेहमीचं कारण.

रस्ता तिसरा : पोर्टच थकलेला

पेनड्राइव्ह लावल्यावर डुगडुगतो, विशिष्ट कोनात धरला तरच चालतो, तर पोर्ट सैल झालाय. आतली प्लास्टिकची जीभ तुटली असेल किंवा पिना वाकून एकमेकींना टेकल्या असतील, तर तो पोर्ट वापरणं लगेच बंद करा. "पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट" असा संदेश आला, तर लॅपटॉपने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडलेली असते. जोडलेली वस्तू काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करा. तीच वस्तू लावल्यावर पुन्हा संदेश आला, तर दोष त्या वस्तूत. काहीच न लावता आला, तर पोर्टमध्ये.

दुरुस्तीला जाताना एक माहिती असू द्या. अनेक लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात. तो बोर्ड बदलणं मदरबोर्डवरचा पोर्ट बदलण्यापेक्षा सोपं आणि स्वस्त पडतं. "हा पोर्ट वेगळ्या बोर्डावर आहे का?" असं दुकानदाराला आवर्जून विचारा.

रस्ता चौथा : विंडोजची झोप

हार्डवेअर ठणठणीत आणि तरी पेनड्राइव्ह दिसत नाही, असंही होतं. क्रमाने हे करा.

१) रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे. विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" आहे. त्यामुळे शटडाउन केलं तरी विंडोजचा काही भाग तसाच जपून ठेवला जातो आणि अडकलेली चूक दुसऱ्या दिवशी परत हजर होते. रीस्टार्टने मात्र नवी सुरुवात होते.

२) साचलेली वीज घालवा. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, बॅटरी निघत असेल तर तीही बाहेर. पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा. मग सुरू करा.

३) डिव्हाइस मॅनेजर पाहा. स्टार्टवर राइट क्लिक करून ते उघडा. "युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स" मध्ये पिवळं त्रिकोणी चिन्ह असेल तर त्या नोंदीवर राइट क्लिक करून "अनइन्स्टॉल डिव्हाइस" करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. विंडोज ड्रायव्हर परत बसवतं. माऊस-कीबोर्डही यूएसबीचे असतील तर मधे ते क्षणभर बंद पडतील, घाबरू नका.

४) वीज वाचवण्याचं सेटिंग. तिथेच "यूएसबी रूट हब" च्या प्रॉपर्टीजमध्ये "पॉवर मॅनेजमेंट" उघडा. "अलाऊ द कॉम्प्युटर टु टर्न ऑफ धिस डिव्हाइस" समोरची खूण काढा. बॅटरीवर असताना मधेच गायब होणाऱ्या पेनड्राइव्हला याचा उपयोग होतो.

"डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड" किंवा "कोड ४३" दिसला, तर हजेरीत नाव पुकारलं पण उत्तर आलं नाही, असा अर्थ. वरचं सगळं करूनही, आणि दुसऱ्या लॅपटॉपवरही तेच आलं, तर सातव्या रस्त्याकडे जा.

रस्ता पाचवा : नाव नाही किंवा अनुक्रमणिका फाटली

आवाज येतो, पण "धिस पीसी" मध्ये काहीच नाही. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून "डिस्क मॅनेजमेंट" उघडा. तिथे पेनड्राइव्ह दिसतोय आणि त्याला फक्त अक्षर नाही, तर राइट क्लिक करून "चेंज ड्राइव्ह लेटर" मधून मोकळं अक्षर द्या. झालं काम.

पण तिथे "रॉ" किंवा "अनअलोकेटेड" असं लिहिलेलं असेल, तर अनुक्रमणिका बिघडली आहे. पुस्तकाचं अनुक्रमणिकेचं पान फाटलं म्हणून धडे नाहीसे होत नाहीत. तसंच इथेही फाइली बहुधा जागेवर असतात. अशा वेळी फॉरमॅटच्या संदेशाला "कॅन्सल" म्हणा. फोटोरेकसारखं मोफत साधन वापरून आधी फाइली बाहेर काढा, आणि त्या त्याच पेनड्राइव्हवर न ठेवता लॅपटॉपवर साठवा.

चुकून फॉरमॅट झालाच तर? क्विक फॉरमॅटमध्ये मुख्यतः अनुक्रमणिका नवी होते, म्हणून फाइली परत मिळण्याची शक्यता राहते. मात्र विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडे शून्य लिहिली जातात. मग परत काही मिळत नाही. म्हणून चूक झाली की पहिलं काम, पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवणे.

पालकांचा एक नेहमीचा प्रश्न: पेनड्राइव्हमध्ये जागा आहे, तरी मोठा व्हिडिओ कॉपी होत नाही. हा बिघाड नाही. फॅट-३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंतचीच चालते. डेटा काढून ठेवून एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट केलं की मोठ्या फाइली बसतात. पण शाळेचा जुना प्रोजेक्टर किंवा टीव्ही फक्त फॅट-३२ वाचत असेल, तर त्यासाठी वेगळा छोटा पेनड्राइव्ह ठेवा.

रस्ता सहावा : शॉर्टकटचा व्हायरस

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आलात आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, हा अनुभव अनेकांना आहे. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, त्यानेच व्हायरस तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरतो.

आधी अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये "हिडन आयटम्स" सुरू करा. तरी दिसलं नाही, तर फोल्डर ऑप्शन्समध्ये "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स" ची खूण काढा. बरेच लोक पहिल्या पायरीवर थांबतात आणि "डेटा गेला" म्हणतात. खरे फोल्डर दिसले की लॅपटॉपवर कॉपी करा, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा.

यापुढे प्रिंटसाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त छापायची पीडीएफ असू द्या. मुलांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती असलेला पेनड्राइव्ह बाहेरच्या संगणकाला लावूच नये. ती माहिती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असते.

रस्ता सातवा : पेनड्राइव्हच संपला

पेनड्राइव्हमधली चिप विजेचा भार अडकवून माहिती धरून ठेवते. तिथे लिहिण्या-पुसण्याला मर्यादा असते आणि वर्षानुवर्षं न वापरता ठेवला तर हा भार हळूहळू गळतो. उष्णतेने तो लवकर गळतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. बंद गाडीत त्याहून जास्त. गाडीच्या डॅशबोर्डवर पेनड्राइव्ह ठेवू नका.

अचानक "राइट प्रोटेक्टेड" असा संदेश येऊ लागला आणि पेनड्राइव्हला कुलपाचं बटण नाही, तर अनेकदा चिप थकल्याची ती खूण असते. वाचता येतंय तोवर सगळं कॉपी करून घ्या, उद्यावर ढकलू नका.

आणखी एक फसवणूक. अगदी थोड्या पैशांत "१ टीबी" चा पेनड्राइव्ह मिळतो. आतली चिप छोटी असते, फक्त आकडा खोटा दाखवला जातो. जागा संपली की नव्या फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. नवा पेनड्राइव्ह घेतल्यावर, त्यात काही ठेवण्याआधी, एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत साधनाने तो एकदा पूर्ण भरून तपासा.

बिघाड नसलेले दोन बिघाड

एक, पालकांचा कंपनीचा लॅपटॉप. अनेक कंपन्या आणि सरकारी कार्यालयं सुरक्षेसाठी पेनड्राइव्ह बंद ठेवतात. मुलाचा प्रकल्प तिथे उघडला नाही, तर पेनड्राइव्ह ठीक आहे. ती बंदी मोडायला जाऊ नका.

दोन, फाइल उघडते पण मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. ही फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे आणि तो फाँट त्या संगणकावर नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, किंवा प्रिंटला देताना पीडीएफ करून द्या.

मग काळजी काय घ्यायची?

- काढताना "इजेक्ट" करा. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत झटपट काढण्याची सोय आहे, पण कॉपी चालू असताना ओढला तर अनुक्रमणिका फाटतेच.
- पेनड्राइव्ह ही वाहून नेण्याची पिशवी आहे, कपाट नव्हे. मूळ काम लॅपटॉपवर ठेवा.
- महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती: दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक शाळेबाहेर किंवा ऑनलाइन.
- दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी पाच मिनिटं प्रत काढायची सवय लावा.

सातही रस्ते पाहून झाले, डेटा हवाच आहे आणि पेनड्राइव्ह कुठेच दिसत नाही, तर तो उघडू नका, तापवू नका. डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्या आणि सुरुवातीलाच सांगा, "पेनड्राइव्ह दुरुस्त नाही झाला तरी चालेल, आतलं हवंय." दुरुस्तीत आधी फॉरमॅट होऊ नये म्हणून हे एक वाक्य गरजेचं आहे.

वर्गात घेण्याजोगा उपक्रम (इयत्ता ८ वी ते १० वी)

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला दोन पेनड्राइव्ह आणि दोन संगणक द्या. एका पेनड्राइव्हचं ड्राइव्ह लेटर तुम्ही आधीच काढून ठेवा. एका संगणकाच्या पोर्टवर छोटी चिकटपट्टी लावून "हा पोर्ट बंद" असं समजायला सांगा. मुलांनी एका वेळी एकच बदल करून दोष कुठे आहे ते शोधायचं आणि प्रत्येक चाचणी वहीत लिहायची: काय बदललं, काय दिसलं, त्यावरून काय ठरवलं.

स्वाध्याय

१) दिवा लागतो पण पेनड्राइव्ह दिसत नाही. पट्ट्यांच्या लांबीवरून कारण सांगा.
२) शटडाउनपेक्षा रीस्टार्टने दोष जाण्याची शक्यता जास्त का?
३) "फॉरमॅट करा" असा संदेश आल्यावर तुम्ही पहिली कोणती गोष्ट कराल? का?
४) घरातल्या महत्त्वाच्या पाच फाइलींची यादी करा. प्रत्येकीच्या किती प्रती आहेत ते लिहा. जिची एकच प्रत आहे, तिची आजच दुसरी करा.

चौथा प्रश्न मुलांना देण्याआधी आपण सोडवून पाहावा. हा पाठ वाचून एका शिक्षकाच्या नोंदी जरी वाचल्या, तरी लिहिल्याचं सार्थक होईल.